दाणे वाचणारी लाडकी

लाडकी सुका वरठा हे नाव लाईनच्या हजेरीपटावर चढलं आणि त्याच दिवसापासून घोटाळा सुरू झाला. आमचे शिफ्ट-इनचार्ज पंडितजी बनारसकडचे. ते शेडच्या दारात उभे राहून हाक मारायचे, "ए लाडकी, इधर आओ," आणि लाईनवर बसलेल्या बावीसच्या बावीस बायका माना वर करायच्या. पंडितजींच्या तोंडी 'लाडकी' आणि 'लडकी' एकच. जमुना तेव्हा दोन नातवंडांची आजी होती, पण तीही पदर सावरून उठायची. "बुलाया ना?" म्हणायची. शेवटी पंडितजींनी हाक मारणं सोडलं आणि ते स्वतः चालत लाडकीच्या खुर्चीपाशी जायला लागले. एवढ्या मोठ्या साहेबाला चालत आपल्यापाशी यायला लावणारी कारखान्यात ती एकटीच.

मी दमयंती राऊत, केळव्याची. आमची पानवेलीची वाडी. पानं खुडायची सोडून मी रेडिओ-टीव्हीचा डिप्लोमा केला आणि त्र्याऐंशी साली बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत 'किरणोदय इलेक्ट्रॉनिक्स'मध्ये तपासनीस म्हणून लागले. टीव्हीच्या आत आणि टेलिफोनच्या पोटात जी हिरवी पाटी असते, जिच्यावर बारीक बारीक भाग बसवलेले असतात, ती आम्ही बनवत होतो. आम्ही तिला बोर्ड म्हणायचो. बायका रांगेत बसून बोर्डाच्या भोकांत भाग खोचायच्या, खालून कथील लावलं जायचं, आणि शेवटी बोर्ड माझ्या टेबलावर यायचा. तो चालतो की नाही हे सांगायचं काम माझं.

लाडकी आली ती झाडू मारायला, चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात. बेटेगावाहून चालत यायची. तिच्या घरी पावसाच्या पाण्यावरची थोडी भातशेती. भात झाला की नवरा सुका वसईकडे मिठागरावर जायचा आणि ही मुलांना सासूपाशी ठेवून कारखान्यात यायची. पहिले आठ दिवस कोणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवव्या दिवशी लाईनचे सुपरवायझर नागोराव सकाळी आले, तर त्यांच्या टेबलावर चहाच्या कपांच्या बारा बशा ओळीनं मांडलेल्या, आणि प्रत्येक बशीत रेझिस्टर.

रेझिस्टर म्हणजे वीज अडवून धरणारा दाणा. तांदळापेक्षा थोडा मोठा, दोन्ही बाजूंना तारेचे पाय आणि पोटावर रंगीत पट्टे. त्या पट्ट्यांवरून तो किती वीज अडवतो ते कळतं. दिवसभरात बायकांच्या हातून दोन-तीनशे दाणे खाली पडायचे आणि झाडूबरोबर कचऱ्यात जायचे. लाडकीनं ते आठवडाभर वेचून ठेवले होते आणि पट्टे बघून वेगळे केले होते. नागोरावांनी मला बोलावलं. मी मीटर लावून बारा बशा तपासल्या. एकही दाणा चुकीच्या बशीत नव्हता. तपकिरी आणि लाल पट्ट्यांत भल्याभल्यांची फसगत व्हायची. तिथंही नाही.

"तुला हे कोणी शिकवलं?" नागोरावांनी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात?" लाडकी म्हणाली. "हे तांबडे त्या तांबड्यांतले, ते पिवळे त्या पिवळ्यांतले. एका घरची पोरं एका घरात नको काय?"

"आणि बशा कुठून आणल्यास?"

"कॅन्टीनमधून. आता चहाला नायत."

त्या दिवशी नागोरावांनी चहा ग्लासातून घेतला आणि लाडकी लाईनवर बसली.

तिला अक्षर येत नव्हतं, आकडा वाचता येत नव्हता. हिशेब तोंडी पक्का. पण कागदावरचा आकडा म्हणजे तिच्या लेखी मुंग्यांची रांग. लाईनवर त्याची गरजही नव्हती. समोर एक तयार नमुना टांगलेला असायचा, त्यात बघून खोचायचं. लाडकीनं पहिल्या महिन्यातच नमुन्याकडे बघणं सोडलं, कारण तिनं प्रत्येक दाण्याला नाव ठेवलं होतं. तपकिरी, काळा, लाल पट्टे असलेला तो कोंबडा, लाल तुऱ्याचा. तपकिरी, काळा, नारिंगी तो पळस. काळ्या कळीतून केशरी फूल निघावं तसा. पिवळा, जांभळा, लाल ती नवरी. पिवळा, जांभळा, नारिंगी तो झेंडू. तिन्ही पट्टे लाल असले की कुंकू. तीन पायांचा ट्रान्झिस्टर म्हणजे तिवई आणि सोळा पायांची काळी आयसी म्हणजे गोम.

नावं सोयीची होती, म्हणून सगळ्यांनी उचलली. "दहा के ओहम एक चतुर्थांश वॉट" म्हणण्यापेक्षा "पळस दे गं" हे लवकर होतं. वर्षभरात नागोरावही तेच बोलायला लागले, आणि एकदा घाईघाईत त्यांनी स्टोअरच्या मागणीपत्रावर तेच लिहिलं. ते पत्र मुंबईच्या ऑफिसात गेलं. तिकडून फोन आला. कारखान्यात पाचशे कोंबडे आणि एक हजार नवऱ्या कशासाठी लागतात, याचा खुलासा हवा होता. नागोरावांनी काय सांगितलं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण फोन ठेवल्यावर त्यांनी पाणी मागवलं.

सात वर्षं अशी गेली. मग एक्याण्णव साली मशीन आलं.

आठ दिवस आधीपासून त्याची बोलवा होती. टेलिफोनचे नवे बोर्ड छोटे झाले होते, त्यांतले भाग आणखी छोटे, ते हातानं बसवता येणार नव्हते. म्हणून सिंगापूरहून जपानी मशीन मागवलं होतं. थोडं वापरलेलं, पण आम्हाला नवंच. ते एका तासात चार हजार भाग बसवतं असं नागोरावांनी सांगितलं तेव्हा जमुनानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आमची सगळ्यात चपळ बाई तासाला सहाशे बसवायची. ती बाई लाडकी.

मशीनसाठी शेडच्या कोपऱ्यात काचेची खोली बांधली आणि तिला एसी लावला. सात वर्षं आम्ही पत्र्याखाली बसून पंखा मागत होतो. मशीन यायच्या आधीच त्याला थंडी मिळाली.

मशीनबरोबर इंजिनियर आले, कमलाकांत चुरी. चिंचणीचे, म्हणजे आमच्याच बाजूचे, पण शिक्षण मुंबईचं. गळ्यात टाय. एसीच्या खोलीत ते टाय घालून बसायचे आणि बाहेर आले की काढायचे; त्यामुळे साहेब कुठं आहेत हे त्यांच्या गळ्यावरून समजायचं. माणूस वाईट नव्हता. फक्त मशीनच्या पुस्तकाची सहाशे पानं त्यांनी वाचली होती आणि ती वाचलेली आहेत हे ते कोणाला विसरू देत नव्हते. पूजेच्या दिवशी नारळ मशीनवर फोडायला त्यांनी मनाई केली. पाण्याचा एक थेंब आत गेला तर संपलं, म्हणाले. मग नारळ खोलीबाहेर फोडायचा ठरला, तर तिथं विजेचा बोर्ड. शेवटी नारळ गेटबाहेर रस्त्यावर फुटला आणि अर्धी भकलं शेजारच्या रंगाच्या कारखान्याच्या वॉचमननं नेली.

पण मशीन चालू झालं आणि आम्ही सगळ्या काचेला नाक लावून उभ्या राहिलो. एक बारीक चोच खाली यायची, हवा ओढून दाणा उचलायची, सरकायची, बोर्डावर टेकवायची, परत. टिक, टिक, टिक. पाणकोंबडी चिखलात टिपते तशी. दाणे लांब पट्टीत एकेका खळग्यात बसवलेले यायचे, वर पारदर्शक चिकटपट्टी. ती पट्टी सायकलच्या चाकाएवढ्या रिळावर गुंडाळलेली. अशी चोवीस रिळं मशीनच्या कडेला चोवीस खाचांत लावायची. कुठल्या खाचेत कुठला दाणा, ते कागदावर लिहिलेलं.

"बरं टिपते," लाडकी म्हणाली. "पण बघते कुठं?"

"ते बघत नाही," कमलाकांत साहेब म्हणाले. "त्याला सांगितलेलं असतं. अमुक खाचेतून घ्यायचं, तमुक जागी ठेवायचं."

"म्हणजे आंधळी हाय."

"आंधळी नाही. प्रोग्राम्ड आहे."

लाडकीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी दया म्हणेन.

पुढच्या सोमवारी नोटीस लागली. बावीसपैकी अकरा बायका टीव्हीच्या शेडमध्ये जाणार. सहा जणी पॅकिंगला. ज्यांना वाचता येतं अशा चौघी मशीनवर रिळं लावायला. लाडकी राहिली. तिला वाचता येत नव्हतं आणि पॅकिंगमध्ये खोक्यांवर नंबर लिहावे लागायचे. नागोरावांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, तिच्याइतकेच ते अवघडले होते. झाडण्याचं काम आहे, पगार आहे तोच राहील, त्यासाठी आपण साहेबांशी भांडलो आहोत.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला माझ्या टेबलापाशी आणलं. भिंगाच्या दिव्याखाली नव्या रिळातला एक दाणा ठेवला. तांदळाच्या कणीएवढा काळा तुकडा. ना पाय, ना पट्टे. तिनं तो बराच वेळ बघितला. चिमट्यानं उलटा केला, सुलटा केला.

"रंग कुठं हाय याचा?"

"रंग नाही. वर तीन आकडे आहेत, पांढऱ्यात."

"सगळे काळेच?"

"सगळे."

ती डबा उघडून बसली. लाडकी जेवताना बोलली नाही असं सात वर्षांत पहिल्यांदा झालं. तिच्या डब्यात सुक्या बोंबलाचं कालवण होतं, ते तिनं मला सगळंच वाढलं. शेवटी म्हणाली, "बारशाला गेलं आणि पोराला तोंडच नसलं, असं वाटलं बघ."

दुसऱ्या दिवशी तिनं नागोरावांना सांगितलं, "झाडीन. पण काचेच्या खोलीत झाडीन."

"तिथं चौघी आहेत, त्या झाडतील."

"त्यांना वाचायचं काम हाय. आणि मना थंडीत झाडायचं हाय."

नागोरावांना हसू आलं आणि त्यांनी होकार दिला. बाकीच्या बायकांना वाटलं, लाडकीनं एसी मिळवला. मलाही तसंच वाटलं.

पण चोच दाणे सांडायची. शंभरात एखादा उचलताना निसटायचा आणि खाली पडायचा. पुस्तकात तेवढं माफ होतं. लाडकी ते दाणे कुंचल्यानं गोळा करायची, औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरायची आणि सुट्टीत माझ्यासमोर ओतायची.

"यावर काय लिहिलंय?"

मी भिंगातून बघून सांगितलं, "एक, शून्य, तीन."

"म्हणजे किती?"

"दहा के. एकावर शून्य, आणि पुढं आणखी तीन शून्यं."

"दहा के म्हणजे आपला पळस ना?"

"हो, तोच."

तिनं दाणा बोटानं फिरवला. मग हळूहळू म्हणाली, "पळस म्हणजे तपकिरी, काळा, नारिंगी. आणि हा एक, शून्य, तीन." तिनं दुसरा दाणा पुढं सरकवला. "हा सांग."

"एक, शून्य, दोन. एक के."

"कोंबडा. तपकिरी, काळा, लाल." ती आता माझ्याकडे बघतच नव्हती. "तपकिरी तो एक. काळा तो शून्य. लाल दोन, नारिंगी तीन. मग दमूबाय, कुंकवाचा दाणा असल तर त्यावर दोन, दोन, दोन असल."

मी बाटलीत शोधला. एक होता. दोन, दोन, दोन.

मी डिप्लोमात रंगांचा तक्ता पाठ केला होता. काळा शून्य, पांढरा नऊ, मधले सगळे ओळीनं. आठ वर्षं तो रोज वापरत होते. पण रंगावरून आकडा काढायचा एवढंच मला माहीत होतं. आकडा न येणाऱ्या माणसाला रंगावरून आकडे शिकता येतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. लाडकीला दहाही रंग येत होते, म्हणजे दहाही आकडे तिच्याजवळ होतेच. फक्त त्यांची चित्रं बघायची राहिली होती.

ती चित्रं मी तिला पुठ्ठ्यावर काढून दिली. तिनं तो पुठ्ठा घेतला, पण तिला तेवढ्यानं भागेना. वायरिंगच्या शेडमध्ये दहा रंगांच्या वायरी होत्या. त्यांच्या वरच्या प्लास्टिकचे नळीसारखे दहा तुकडे तिनं कापून आणले आणि दोऱ्यात ओवले. काळा पहिला, मग तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, राखाडी, शेवटी पांढरा. ती माळ गळ्यात घातली. आकडा अडला की माळेवर बोट ठेवून काळ्यापासून मोजत जायची. आठवड्याभरात तशाच माळा आणखी चार बायकांच्या गळ्यात दिसल्या. त्यांना ती नवी फॅशन वाटली. लाडकीनं एकीला वाटेत थांबवून सांगितलं, "तुझा पाच आणि सहा उलटा हाय."

मग तिला आकड्यांचं वेडच लागलं. घड्याळ बघून यायची आणि सांगायची, "साहेब आज तपकिरी-काळ्याला आला," म्हणजे दहा वाजता. भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर ती सुट्टीत उभी राहून वाचायची, कादंबरी वाचावी तसं, पहिल्या तारखेपासून एकतीसपर्यंत. एकदाच भडकून आली. बेटेगावच्या एसटीवर काहीतरी वेगळंच लिहिलं होतं, आकडे ओळखीचे दिसत होते पण कपडे बदलून आल्यासारखे. मला आधी कळेना, मग लक्षात आलं. कारखान्यात सगळं इंग्रजी आकड्यांत, एसटीच्या पाटीवर मराठीत. मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला मराठी आकडे काढून दिले. तिनं दोन्ही बाजू उलटसुलट पाहिल्या.

"एवढ्याशा दहा जणांना दोन-दोन जोड कपडे," म्हणाली. "आमच्या घरी माणसांना नायत."

दिवाळीच्या आधी टेलिफोनच्या पाचशे बोर्डांची एक तातडीची ऑर्डर होती. ट्रक बुधवारी येणार. मंगळवारी सकाळी पहिले साठ बोर्ड माझ्या टेबलावर आले. मी पहिल्याला फोन जोडला. आवाज ऐकू येत होता, नंबर लागत होता, पण घंटी वाजेना. कान लावला तेव्हा कळलं की वाजते आहे, पण कानाशी डास गुणगुणावा तशी. दुसरा बोर्ड तसाच. साठच्या साठ तसेच.

कमलाकांत साहेबांनी मशीन थांबवलं. प्रोग्राम पहिल्या ओळीपासून तपासला. चोच साफ केली, हवेचा दाब मोजला, सहाशे पानांतली बरीचशी पानं उलटली. चोवीस रिळांवरची लेबलं कागदाशी ताडून पाहिली, सगळी बरोबर. सिंगापूरला फोन लावला, तिकडच्या माणसानं जे सांगितलं ते सगळं त्यांनी आधीच करून झालं होतं. दुपारपर्यंत त्यांचा टाय एसीच्या आतसुद्धा सुटला होता. पंडितजी बाहेर येरझाऱ्या घालत होते. रिळं लावणाऱ्या चौघी भिंतीला टेकून उभ्या होत्या, दोष आपल्यावर येणार या भीतीनं.

लाडकी त्यांच्या पायांमधून झाडत होती.

"बाई, नंतर झाडा," साहेब म्हणाले.

"साहेब, नऊ नंबरच्या खाचेत नवरी हाय ना?"

साहेबांना काही समजलं नाही. मी काचेच्या दारात उभी होते. मी म्हटलं, "चार-सात-दोन विचारतेय ती. चार पॉइंट सात के."

साहेबांनी कागद बघितला. "हो. नऊ नंबरला चार-सात-दोन. लेबल बरोबर आहे, मी स्वतः पाहिलंय."

"लेबल असल बरोबर," लाडकी म्हणाली. "पण नऊ नंबरच्या खाली झेंडू पडलेत."

तिनं हात पुढं केला. तळव्यावर चार काळे दाणे होते. साहेबांनी ते घेतले नाहीत. "खाली पडलेलं कुठूनही येतं," म्हणाले. "एसीच्या वाऱ्यानं सरकतं."

"एक सरकंल. चार एका घरातून कसे सरकतील? आणि झेंडू तर आज या मशीनवर कुठंच नाय. मी कागद वाचला."

सगळे लाडकीकडे बघायला लागले. लाडकी झाडते, लाडकी एसीची हवा खाते, एवढंच त्यांना माहीत होतं. लाडकी कागद वाचते हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तिच्या तळव्यावरचा एक दाणा उचलून भिंगाखाली ठेवला आणि बाजूला झाले. साहेब वाकले.

चार, सात, तीन.

म्हणजे नवरीच्या दहापट वीज अडवणारे दाणे. साहेबांनी नऊ नंबरचं रीळ खाली काढलं, पट्टीवरची चिकटपट्टी सोलली, आतला दाणा चिमट्यानं उचलला. चार, सात, तीन. दुसरा, तिसरा, सगळे तेच. मग उलगडा झाला. आधीच्या कामातून उरलेली झेंडूची पट्टी स्टोअरमध्ये कोणीतरी नवरीच्या रिकाम्या रिळावर गुंडाळून ठेवली होती. वरचं लेबल नवरीचं, आत झेंडू. मशीनला दिसत नव्हतं आणि माणसांनी लेबल वाचलं होतं. दाणा कोणी वाचला नव्हता.

रीळ बदललं. पुढचा बोर्ड मी जोडला आणि घंटी अशी खणखणली की बाहेर येरझाऱ्या घालणारे पंडितजी आपल्याच केबिनमधला फोन समजून आत धावले.

त्या साठ बोर्डांवरचा एकेक झेंडू काढून नवरी बसवायची होती. ते हाताचं काम. टीव्हीच्या शेडमधून जमुनाला आणि आणखी तिघींना बोलावलं, आणि संध्याकाळच्या चहाच्या आत त्यांनी ते उरकलं. बुधवारी ट्रक भरून गेला.

गुरुवारी कमलाकांत साहेब माझ्या टेबलापाशी आले. टाय नव्हता. म्हणाले, "त्या बाईंना जरा बोलवाल का? मला ती नावं लिहून घ्यायची आहेत." आणि त्यांनी खरोखरच वही काढली. लाडकी सांगत गेली, ते लिहीत गेले. तिनं त्यांना दोनदा परत म्हणायला लावलं, कारण त्यांनी पळस आणि झेंडूत गफलत केली.

त्या महिन्यापासून नियम झाला. कुठलंही रीळ मशीनवर चढायच्या आधी त्यातला पहिला दाणा लाडकीनं भिंगाखाली बघायचा आणि मोठ्यानं सांगायचा. तिच्या नव्या कामाला हुद्दा काय द्यायचा यावर ऑफिसात बराच खल झाला. 'फीडर तपासनीस' ठरलं; फीडर म्हणजे रीळ लावायची खाच. पत्रावर सही हवी होती. लाडकी अंगठा द्यायला तयार नव्हती. म्हणाली, तपासनीस अंगठा देत नसतो. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिनं सहीच्या जागी आपला हजेरी-नंबर लिहिला, ८४, मराठी कपड्यांत. ऑफिसातल्या माणसानं हरकत घेतली, पण आकडा सही म्हणून चालत नाही असं लिहिलेला नियम त्याला सापडेना. ती सही पुढं सहा वर्षं चालली.

मशीनमुळे कोणाचं काही बिघडलं नाही असं मी सांगणार नाही. टीव्हीच्या शेडचं काम दोन वर्षांत कमी झालं आणि तिथल्या पाच जणी घरी बसल्या. जमुना तारापूरच्या टाउनशिपमधल्या एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. पॅकिंगमधल्या दोघी केळव्याला सुट्टीत येणाऱ्या मुंबईकरांसाठी घरगुती जेवण करायला लागल्या. त्यातली एक माझी भावजय, आणि ती सांगते की बोर्डापेक्षा हे बरं, निदान माणसं खाऊन छान म्हणतात. लाडकी मात्र राहिली. तिच्या हाताखाली बेटेगावातल्या तीन मुली आल्या. शाळेत गेलेल्या होत्या, आकडे वाचता येत होते, तरी लाडकी त्यांना आधी जुने रंगीत रेझिस्टर ओळखायला लावायची. का, विचारलं तर म्हणायची, आकडा विसरतो माणूस.

सत्त्याण्णव साली मालकांनी मशीन दमणला हलवलं. तिकडे कर कमी. कमलाकांत साहेबही गेले. त्यांनी लाडकीला पंधरा दिवस दमणला बोलावलं, नव्या मुलींना शिकवायला. घर सोडून एवढे दिवस ती कधीच राहिली नव्हती. सुकानं आधी नाही म्हटलं. मग म्हणाला, जा, पण मासळी तिकडची कशी हाय ते बघून ये. तिथल्या मुली गुजराती बोलायच्या. लाडकीला गुजराती येत नव्हतं आणि त्यांना तिचं मराठी समजत नव्हतं. पंधराव्या दिवशी त्यांना दाणे वाचता येत होते आणि लाडकीला गुजरातीत चार शिव्या येत होत्या. साहेबांनी तिथंच राहायचा आग्रह केला, खोली देतो म्हणाले. ती म्हणाली, भातलावणी तोंडावर हाय.

मीही किरणोदय सोडलं आणि पालघरला टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान काढलं. लाडकीची गाठ मग दोन वर्षांनी पडली, बोईसरच्या बाजारात. हातात सुकटीची पिशवी, अंगावर निळा एप्रन. औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात लागली होती. कॅप्सूल तपासायचं काम.

"जमतं?" मी विचारलं.

"सोपं हाय गं. अर्धी लाल, अर्धी पिवळी. दोनच रंग." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "कंटाळा येतो. तिथं काय सांडतच नाय."

तेवढ्यात बेटेगावला जाणारी सहा आसनी रिक्षा आली. आत आधीच नऊ जण होते. रिक्षावाला म्हणाला, मागं बसा मावशी, जागा आहे. लाडकी पुढं त्याच्या शेजारी चढली, सुकटीची पिशवी त्याच्याच मांडीवर ठेवली आणि त्याला सांगितलं की रिक्षावर सहा लिहिलंय, ते तिनं वाचलंय, तेव्हा आता आणखी कोणी घ्यायचं नाही. तो हसला. मी हात केला, पण तिचं लक्ष नव्हतं. ती मागं वळून माणसं मोजत होती.